विक्रीकराचा पैसा आणि गावाचा हिशेब

कर आम्ही भरतो आणि सुधारणा मात्र दुसरीकडे होतात, हे वाक्य सीमाभागातील सभांमधून वर्षानुवर्षे ऐकू येते. त्यावर टाळ्याही पडतात. परंतु हा कर नेमका कोणता, तो कोणाच्या खात्यावर पडतो आणि तेथून आपल्या पंचायतीत किती व कोणत्या वाटेने परत येतो, असे विचारले की सभेत शांतता पसरते. भाषेच्या प्रश्नाइतकाच हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा असावयास हवा. पुढे दिसेल त्याप्रमाणे हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच.

आधी थोडा इतिहास पाहू. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणीचा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५७ साली, सर्व राज्यांनी केंद्राशी समझोता करून साखर, तंबाखू आणि कापड या तीन जिनसांवरील विक्रीकर सोडून दिला. त्याऐवजी केंद्राने अतिरिक्त उत्पादन शुल्क आकारून ते राज्यांना वाटून द्यावे असे ठरले. या तीन जिनसांची नावे सीमाभागातील माणसाने पुन्हा एकदा वाचावीत. ऊस आपल्या शिवारातला, तंबाखू निपाणीची आणि कापड शहापूर-वडगावच्या मागांवरचे! वाटप करताना मुख्यतः माल कोठे खपतो हे पाहिले गेले, कोठे पिकतो हे नव्हे. आज जीएसटीच्या निमित्ताने 'खपाच्या जागी कर' हे नवे तत्त्व आले असे सांगितले जाते. आपल्या ऊस-तंबाखूवाल्यांना ते साठ वर्षे आधीच लागू झाले होते.

शहरांची गोष्ट निराळी होती. जकात ही गावात येणाऱ्या मालावरची पट्टी. ती नगरपालिकाच गोळा करी आणि तिच्याच तिजोरीत राही. कर्नाटकाने १९७९ साली जकात बंद करून प्रवेशकर आणला. तो सरकार गोळा करणार आणि भरपाई म्हणून नगरपालिकांना देणार. महाराष्ट्रात नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली, महानगरपालिकांची त्यानंतर टप्प्याटप्प्याने. २०१७ साली जीएसटीने उरलेसुरले सारे पोटात घेतले. महाराष्ट्राने महानगरपालिकांना भरपाई देण्यासाठी त्याच वर्षी स्वतंत्र कायदा केला. नाक्यावर जकात घेणे बहुतेक खेडेगावांच्या नशिबी नव्हतेच, त्यामुळे त्यांच्या भरपाईची फारशी चर्चाही झाली नाही.

आता सीमेवरचा रोजचा व्यवहार पाहू. निपाणीकडचा माणूस लग्नाचा बस्ता कोल्हापुरात बांधतो, तर चंदगडचा माणूस बाजाराला बेळगावात येतो. दुकानात रोखीने माल घेऊन बाहेर पडले की राज्याच्या वाट्याचा जीएसटी ते दुकान ज्या राज्यात आहे त्या राज्याचा. म्हणजे चंदगडकर कर्नाटकाची तिजोरी भरतो आणि निपाणीकर महाराष्ट्राची. यात एक बारीक गोष्ट १ ऑक्टोबर २०२३ पासून बदलली. नोंदणी नसलेल्या सामान्य गिऱ्हाइकाच्या बिलावर त्याच्या राज्याचे नाव लिहिले तर तो व्यवहार आंतरराज्य धरला जातो, आयजीएसटी लागतो आणि राज्याचा हिस्सा गिऱ्हाइकाच्या राज्याकडे जातो. फ्रीज घेताना बिलावर पत्ता घालायचा की नाही, याला इतका अर्थ असेल असे कोणाला वाटले होते?

मात्र बिलावर राज्य लिहिले तरी गाव कोठेच लिहिले जात नाही. कराच्या हिशेबात राज्य हा शेवटचा मुक्काम. उचगाव किंवा येळ्ळूरच्या लोकांनी वर्षभरात किती जीएसटी भरला याचा आकडा कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही, कारण तो काढलाच जात नाही.

शाळेतल्या हिशेबाप्रमाणे एक उदाहरण सोडवू. घर बांधणाऱ्याने बेळगावात १०० रुपयांचे सिमेंट घेतले. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. १८ रुपयांतले ९ कर्नाटकाला, ९ केंद्राला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्रीय करांच्या वाटपयोग्य रकमेतून ४१ टक्के राज्यांना द्यावयास सांगितले होते आणि त्यात कर्नाटकाचा वाटा ३.६४७ टक्के होता. केंद्राच्या ९ रुपयांतून सर्व राज्यांना मिळून सुमारे ३ रुपये ६९ पैसे, आणि त्यातले कर्नाटकाला साधारण साडेतेरा पैसे. आधीच्या, चौदाव्या आयोगात हाच वाटा ४.७१३ टक्के होता. बेंगळुरूची दिल्लीवरची ओरड अगदीच बिनबुडाची नाही, हे आपणही मान्य केले पाहिजे. मात्र दिल्लीकडे वाटा मागणाऱ्या बेंगळुरूला आपल्या पंचायतींनी तोच प्रश्न विचारावयास हवा.

विक्रीकर हे नाव कागदावर आज मुख्यतः पेट्रोल-डिझेलपुरते उरले आहे, कारण ते जीएसटीत आलेले नाही. २०२१-२२ च्या सुमारास कर्नाटकातले इंधन बरेच स्वस्त होते, तेव्हा सीमेलगतच्या पंपांवर एमएच ०९ च्या गाड्या दिसत. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला आणि दरातली तफावत घटली. पण तेव्हा काय किंवा आता काय, पंप ज्या गावाच्या हद्दीत आहे त्या गावाला पंपाच्या इमारतीचा घरफाळा तेवढा मिळतो. विक्रीवरचा पैसा थेट राज्याच्या तिजोरीत.

तिजोरीतून गावाकडे येणारी वाट १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आखली. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावा आणि त्याने पंचायतींचा वाटा सुचवावा, असे घटना सांगते. कर्नाटकाच्या पहिल्या आयोगाने राज्याच्या स्वतःच्या कर्जेतर महसुलातील ३६ टक्के स्थानिक संस्थांना द्यावेत अशी शिफारस केली. त्यातील ८५ टक्के पंचायतींना, १५ टक्के शहरांना. ऐकायला हा आकडा भरघोस वाटतो. पण जिल्ह्याकडे वळवलेल्या या पैशाचा मोठा भाग पगारातच जातो. आम्हा प्राथमिक शिक्षकांचे पगारही त्यातच मोजलेले असतात. माझा पगार हा गावाच्या विकासाचा निधी आहे, हे मला स्वतःलाही पटवून घेणे जड जाते.

केंद्राच्या वित्त आयोगाचे अनुदानही असेच बांधलेले. २०२१ ते २०२६ या काळात त्यातला ६० टक्के पैसा पाणी व स्वच्छता यासाठीच राखलेला होता. पंचायतीला आपल्या इच्छेने वापरता येणारा उरला ४० टक्के. राज्यांमध्ये वाटपाचा आधार ९० टक्के लोकसंख्या आणि १० टक्के क्षेत्रफळ, लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेची. सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजच्या ग्रामपंचायतींनाही हेच सूत्र. तिकडे गेलो की पैशाचा पूर येईल असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्या हक्काचा लढा १९५६ पासून चालू आहे तो पैशाच्या आशेने नव्हे.

फरक आहे तो कागदाचा. चंदगडचा शेतकरी पंचायतीचा जमाखर्च हातात घेऊन वाचू शकतो. आमच्याकडे पंचायतीचा ठराव, अंदाजपत्रक, कामाचा अंदाज, सारे कन्नडमध्ये असते. अनुदान किती आले, कोणत्या खात्यावर पडले, किती परत गेले हे समजून घेण्यासाठी पीडीओच्या तोंडाकडे पाहावे लागते. जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे राष्ट्रीय पातळीवर अनेक दशकांपूर्वी मान्य झाले. मराठी परिपत्रकांसाठी आपण मोर्चे काढले, आणि ते योग्यच होते. पण जमाखर्चाची मराठी प्रत आपण किती पंचायतींकडे मागितली? आपल्या शेजारच्या कन्नड भाषिक शेतकऱ्याला तो कागद वाचता येतो, पण तो भिंतीवर लागत नाही. ही मागणी त्याच्याही फायद्याची आहे आणि तिला विरोध करावयास त्याला कारण नाही.

कायद्याचा आधार आहे. घटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत देण्याचा आपला हक्क आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा लागते. तेथे अडवणूक झाली तर हिंदीत लिहावा, अक्षरे आपलीच आहेत. कर्नाटकात ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा घ्यावीच लागते. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास पंचायतीची जमाबंदी होते, आणि तेथे वर्षाचे हिशेब लोकांसमोर ठेवणे हाच तिचा हेतू असतो. यंदा गावातील दोन-चार शिकलेल्या पोरांनी वही घेऊन तेथे बसावे. केंद्राचे अनुदान किती आले, राज्याचे किती, त्यातले पगार-वीजबिल वजा जाता हातात काय उरले आणि घरफाळा किती वसूल झाला, एवढे विचारून मराठीत उतरवून घ्यावे आणि तो कागद चावडीवर लावावा.