खरें, खोटें आणि कोरें

व्यवहारांत 'खरें' व 'खोटें' हे शब्द आपण नित्य वापरतों. परंतु संगणकास ते शिकवावयाचे म्हणजे आधीं त्यांची नेमकी व्याख्या करावी लागते. इंग्रज गणिती जॉर्ज बूल यानें १८५४ सालीं विधानांचें बीजगणित मांडलें व सत्यास १ आणि असत्यास ० हीं चिन्हें योजिलीं. पुढें १९३७ सालीं क्लॉड शॅनन यानें हेंच गणित विजेच्या बटणांच्या जोडणीस लागू पडतें असें दाखविलें. आजचे संगणक त्याच पायावर उभे आहेत.

असें असतां आज्ञावलीच्या भाषांत मात्र एकमत नाहीं. 'सी' भाषेंत शून्य तेवढें खोटें, बाकी सर्व खरें. १९९९ च्या प्रमाणापर्यंत तींत सत्यासत्याचा निराळा प्रकारच नव्हता. 'रूबी'त शून्यहि खरें. 'पायथन'मध्यें रिकामी यादी खोटी. पण अवतरणचिन्हांत लिहिलेला 'खोटें' हा शब्द खरा, कारण तेथें अक्षरें आहेत कीं नाहींत एवढेंच पाहिलें जातें!

ही केवळ पंडितांची करमणूक आहे असें मात्र कोणी समजूं नये. २०१७ सालीं महाराष्ट्रांत शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचे अर्ज संगणकद्वारां भरून घेतले गेले. शेतीखेरीज अन्य उत्पन्नावर प्राप्तिकर भरणारे तींतून वगळले होते. आतां महागांव तालुक्यांतील फुलसावंगीच्या एखाद्या कापूस पिकविणाऱ्याच्या अशा अर्जांत 'करदाता आहे काय?' हें घर कोरेंच राहिलें, अशी कल्पना करूं. माहितीच्या कोठाराची जी 'एसक्यूएल' भाषा, तिच्या मतें कोऱ्या घराविषयींचें उत्तर खरेंहि नाहीं, खोटेंहि नाहीं; तें 'अज्ञात'. 'करदाते कोण?' असें विचारलें तर हा गृहस्थ यादींत येत नाहीं. 'करदाते नसलेले कोण?' असें विचारलें तरीहि येत नाहीं. कारण जें निखालस खरें ठरेल तेवढेंच ती भाषा बाहेर काढते. कोणी त्यास नाकारलें नाहीं, आणि तरीहि तो राहून गेला.

आपल्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत प्रमाण व प्रमेय यांच्या लगेच पुढें 'संशय' येतो, आणि संशयापासूनच निर्णयाकडे वाट जाते असें मानिलें आहे. आज्ञावली लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींनीं हें ध्यानीं धरावें. कोऱ्या घरांची तिसरी यादी त्यांनीं अवश्य काढावी, व त्या यादींतील प्रत्येकाकडे कोणी तरी समक्ष जाऊन विचारावें. वडील मंडळींनींहि अर्जांतील एकहि घर रिकामें सोडूं नये.