विश्लेषण : मुंबईत मुलांना बागेत नेणे इतके अवघड का? रेसकोर्सवरील सेंट्रल पार्कने काय बदलेल?

महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकर जागेपैकी १२० एकर मुंबई महापालिकेकडे देऊन तेथे सेंट्रल पार्क उभारण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. उरलेली ९१ एकर जागा शर्यतींसाठी टर्फ क्लबकडे राहणार आहे. सागरी किनारा मार्गालगतची सुमारे १७५ एकर हिरवी जागा या उद्यानाला जोडली, की एकूण क्षेत्र ३०० एकरांच्या घरात जाते. शहराच्या मध्यभागी एवढी जागा बांधकामाविना राहणे ही मोठीच गोष्ट आहे. पण शाळेतून आलेल्या नातवाला घेऊन संध्याकाळी साडेपाचला आजीने जायचे कुठे, हा प्रश्न त्याने सुटतो का?

मुंबईत माणशी मोकळी जागा किती?

मुंबईच्या नियोजनाच्या चर्चेत वर्षानुवर्षे एक आकडा येतो. माणशी साधारण सव्वा चौरस मीटर मोकळी जागा. सहा फूट बाय तीन फुटांच्या एकेरी पलंगाने पावणेदोन चौरस मीटर जागा अडते. म्हणजे मुंबईकराच्या वाट्याला आलेली बाग आणि मैदान मिळून त्याच्या पलंगाएवढेही भरत नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत हे प्रमाण माणशी १० ते १२ चौरस मीटर असावे, असे म्हटले आहे.

येथे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा दाखला हमखास दिला जातो. १०० चौरस किलोमीटरहून मोठे हे जंगल मुंबई आणि ठाणे या दोन्ही बाजूंना पसरले आहे. ते हिशेबात धरले तर सरासरी एकदम सुधारते. मात्र ते संरक्षित वन आहे, खेळाचे मैदान नव्हे. गोवंडीतल्या मुलाला तर त्या सरासरीचा संध्याकाळी काहीच उपयोग नाही.

सेंट्रल पार्कमुळे किती भर पडेल?

गणित सोपे आहे. १२० एकर म्हणजे सुमारे ४ लाख ८५ हजार चौरस मीटर. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. भागाकार केला की माणशी जेमतेम ३९० चौरस सेंटिमीटर जागा येते. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा ए-फोर कागद यापेक्षा मोठा असतो. पूर्ण ३०० एकर धरले तरी माणशी दीड कागद होतो. लोकसंख्या २०११ नंतर वाढली आहे, तेव्हा प्रत्यक्षात वाटा याहूनही कमी.

याचा अर्थ हे उद्यान नको, असा नाही. वरळी, महालक्ष्मी, ताडदेव भागातील कुटुंबांना ते रोज वापरता येईल. मुलुंड किंवा दहिसरच्या कुटुंबासाठी मात्र ती वर्षातून एक-दोनदा करायची सहल असेल.

मग मुलांना लागते काय?

पाच वर्षांच्या मुलासाठी घरापासून चालत दहा मिनिटांत पोहोचता येईल अशी जागा हवी. वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागला, की ती जागा नकाशावर जवळ असूनही दूरच. केंद्राच्या त्याच तत्त्वांत लहान उद्यानाचे मापही दिले आहे. दर पाच हजार लोकवस्तीमागे अर्धा हेक्टर, म्हणजे सव्वा एकर. मुंबईच्या लोकसंख्येला हे माप लावले तर अशी जवळपास अडीच हजार उद्याने लागतील. उद्घाटनाच्या फलकासाठी सव्वा एकराची बाग फारशी आकर्षक नसते, हा भाग वेगळा.

जागेइतकीच वेळही महत्त्वाची. बऱ्याच उद्यानांचे दरवाजे दुपारी काही तास बंद असतात. सकाळी चालायला येणाऱ्यांना या वेळा सोयीच्या पडतात. पण सकाळच्या सत्रातली शाळा सुटलेले मूल दुपारी मोकळे असते, आणि नेमके तेव्हाच कुलूप असते. झाडे पुरेशी असतील तर दुपारीही सावलीत खेळता येते. नसतील तर उन्हाळ्यात घसरगुंडीचा पत्रा हात लावू देत नाही.

स्वच्छतागृह नसेल, तर तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आलेली आई अर्ध्या तासात परत फिरते. आराखड्यात ही बाब किरकोळ वाटते, पण बागेत किती वेळ थांबायचे हे बहुतेकदा त्यावरच ठरते.

सर्वांत मोठी अडचण ९ ते १४ वयोगटाची आहे. झोपाळे लहानांसाठी असतात आणि हिरवळीवर ‘चेंडू खेळण्यास मनाई’ असा फलक असतो. शेजारच्या मैदानावर मोठ्या मुलांच्या क्रिकेटच्या चार-चार खेळपट्ट्या एकमेकांत घुसलेल्या असतात. त्यात या वयाच्या मुलींना जागा मिळणे आणखी कठीण. ही मुले मग इमारतीच्या पार्किंगमध्ये खेळतात आणि काच फुटली की तेथूनही हाकलली जातात.

सहलीला जाण्याजोगी ठिकाणे कोणती?

रविवारच्या सहलीसाठी मुंबईत पर्याय आहेत, आणि चांगले आहेत. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, पेंग्विन आल्यानंतर २०१७ मध्ये पाच रुपयांचे तिकीट ५० रुपये झाले. लहान मुलांना २५ रुपये पडतात, तर आईवडील आणि दोन मुलांच्या कुटुंबाला १०० रुपयांत जाता येते. बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती खुली ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवण्याची पद्धत आहे.

मलबार हिलवर कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट आजही पोरांना खेचतो. त्याच टेकडीवरचा उन्नत निसर्गमार्ग मार्च २०२५ मध्ये खुला झाला. तेथे २५ रुपये तिकीट असून वेळ ऑनलाइन राखून ठेवता येते. धारावीच्या कडेचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर एकेकाळच्या कचराभूमीवर फुलले आहे. या ठिकाणी मूल रमते, पण दर मंगळवारी संध्याकाळी कोणी तेथे जात नाही.

पूर्वी नियोजन वेगळे होते का?

काही भागांत होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हवा खेळती राहिली पाहिजे, या धास्तीतून दादर-माटुंग्याची आखणी झाली. पाच उद्याने आणि शिवाजी पार्क ही त्याच काळाची देणगी. तेथे इमारती मैदानाभोवती आल्या. नंतरच्या उपनगरांत आधी इमारती उभ्या राहिल्या आणि मैदान आराखड्यातले आरक्षण म्हणून मागे राहिले. अशा अनेक भूखंडांवर अतिक्रमण आहे किंवा ते ताब्यातच आलेले नाहीत.

ताब्यातील जागा सर्वांना खुल्या आहेत का?

वादाचा मुद्दा हाच आहे. देखभालीसाठी मोकळ्या जागा खासगी संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणातून काही मैदानांवर क्लब उभे राहिले आणि सदस्यत्वाशिवाय आत जाणे अवघड झाले. टीकेनंतर २०१६ मध्ये हे धोरण थांबवून भूखंड परत घेण्याची प्रक्रिया सुरू झाली. २०२३ मध्ये नवा मसुदा आला, त्यालाही नागरिक संघटनांनी विरोध केला. देखभालीला पैसा आणि माणसे लागतात, हे पालिकेचे म्हणणे खोटे नाही. पण दरवाजावर वही घेऊन बसलेला सुरक्षारक्षक ‘कुठल्या सोसायटीचे?’ असे विचारू लागला, की झोपडपट्टीतले मूल आत पाऊलच टाकत नाही.

नागरिकांना काय तपासता येईल?

विकास आराखडा २०३४ चे नकाशे पालिकेच्या संकेतस्थळावर पाहता येतात. आपल्या गल्लीतील भूखंडावर उद्यान किंवा क्रीडांगणाचे आरक्षण आहे का, हे त्यात कळते. आरक्षण असूनही जागा बंद असेल, तर ती ताब्यात आली आहे का, कोणाकडे देखभालीला दिली आहे आणि करार कधी संपतो, ही माहिती विभाग कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागता येते. उद्यानाच्या वेळांबाबतचा अर्जही तेथेच द्यायचा असतो.