वकिलात म्हणजे वकिलांचं ऑफिस का हो, काका?

दोस्तांनो,

तुमची पत्रं दर आठवड्याला ढिगाने येतात. कुणाला धूमकेतूची शेपटी कशाची बनलेली असते ते हवं असतं, कुणाला पालीची तुटलेली शेपटी परत कशी येते ते. (शेपट्यांवर तुमचं फार प्रेम दिसतं!) या खेपेला मात्र एक पत्र आलं आणि चार दिवस माझ्या टेबलावरच राहिलं. वाचायचो, परत घडी घालायचो.

पत्र आहे रत्नागिरी जिल्ह्यातल्या सातवीतल्या एका मैत्रिणीचं. तिचं नाव, गाव मी मुद्दामच छापत नाही. तिचे बाबा आखातातल्या एका देशात सुतारकाम करतात. दर शुक्रवारी, म्हणजे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, घरी फोन येतो. तीन महिने झाले, पगार नाही. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. आई फोनवर म्हणाली, ‘‘अहो, वकिलातीत जाऊन सांगा ना!’’ तर बाबा म्हणाले, ‘‘तिथं साहेबलोकांची कामं असतात. आपल्याला कोण विचारतंय?’’ आणि पुढे आमच्या मैत्रिणीने विचारलंय, ‘‘काका, वकिलात म्हणजे वकिलांचं ऑफिस का हो? तिथे फी किती घेतात?’’

हसू नका हं. प्रश्न चांगला आहे. वकील म्हटलं की आपल्यासमोर काळा कोट येतो, पण जुन्या मराठीत वकील म्हणजे एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या दरबारात ठेवलेला आपला माणूस. पेशव्यांचे वकील दिल्लीला असत, हैदराबादला निजामाकडे असत. इंग्रजांनीही १७८६ साली चार्ल्स मॅलेट नावाचा आपला माणूस पुण्याच्या दरबारात पाठवला. त्याला मुळा-मुठेच्या संगमावर जागा मिळाली. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, त्या दिवशी संगमावरचा तो इंग्रजांचा बंगला जाळला गेला. म्हणजे वकिलाचा मान कितीही असो, भांडण पेटलं की त्याचं घर सुरक्षित नसे.

आता तसं चालत नाही. १९६१ साली व्हिएन्ना शहरात बऱ्याच देशांनी मिळून एक करार केला. वकिलातीच्या आवारात तिच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय त्या देशाच्या पोलिसांनीसुद्धा पाऊल टाकायचं नाही, असं त्यात ठरलं. यावरून पुष्कळजण सांगतात की वकिलातीच्या फाटकाच्या आत आपल्याच देशाची जमीन असते. तसं नसतं, बरं का! जमीन त्या देशाचीच. फक्त आत शिरायला त्यांना विचारावं लागतं.

दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, तिथेच आणखी एक करार झाला आणि आमच्या मैत्रिणीच्या बाबांच्या कामाचा तो जास्त आहे. परक्या देशात राहणाऱ्या आपल्या माणसांना मदत करणाऱ्या अधिकाऱ्याला कॉन्सल म्हणतात. त्याला आपल्या नागरिकांना भेटायची, त्यांच्याशी बोलायची मोकळीक असली पाहिजे, हे या कराराने ठरलं. परदेशात कुणाला पकडलं, तर ‘माझ्या वकिलातीला कळवा’ असं म्हणायचा त्याला हक्क आहे. आपल्या नौदलातले माजी अधिकारी, महाराष्ट्राचे कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने भेटू दिलं नाही, म्हणून भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १७ जुलै २०१९ ला न्यायालयाने सांगितलं की पाकिस्तानने हा करार मोडला.

मुख्य वकिलात त्या देशाच्या राजधानीत असते, आणि दुसऱ्या मोठ्या शहरात कॉन्सुलेट. संयुक्त अरब अमिरातीत आपली वकिलात अबू धाबीला आणि कॉन्सुलेट दुबईला. सौदी अरेबियात रियाध आणि जेद्दा. घरापासून जे जवळ असेल तिथे जायचं.

आता ‘साहेबलोकांची कामं’ या बोलण्याविषयी.

मी स्वतः एकदा आखातातल्या एका राजधानीत आपल्या वकिलातीत गेलो होतो. भाच्याला मुलगी झाली होती. परदेशात जन्मलेल्या भारतीय बाळाची नोंद वर्षाच्या आत वकिलातीत करायची असते. भाचा म्हणाला, मामा चला, तुम्हालाही बघायला मिळेल. मी आपला इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट असा तयार होऊन निघालो. वाटलं, गालिचे असतील, झुंबरं असतील!

कसलं काय! फाटकावर तिरंगा, भिंतीवर गांधीजींचा फोटो, आणि आत थेट आपल्या एस.टी. स्टँडसारखी गर्दी. टोकन घ्या, बाकावर बसा. बाकावर टाय लावलेले दोघंच होते. बाकी सगळी निळ्या डगल्यातली, पायात जाडजूड बूट घातलेली, उन्हाने रापलेली माणसं. कुणी तेलुगू बोलतंय, कुणी मल्याळम, कुणी भोजपुरी. शेजारी बसलेल्या एकाने माझ्या हातात फॉर्म दिला आणि खुणेने सांगितलं, भरून द्या. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला तेलुगू येत नव्हतं. मोडक्या हिंदीत आम्ही दोघांनी मिळून तो फॉर्म भरला. वडिलांचं नाव लिहायला मला तीन वेळा खाडाखोड करावी लागली.

त्याच्या पलीकडे एकजण गप्प बसून होता. तो स्वतःसाठी आलाच नव्हता. त्याच्या खोलीतला मित्र कामावर वारला होता. त्याला गावी न्यायचं तर वकिलातीत मृत्यूची नोंद व्हावी लागते, तिथला कागद लागतो. तो कागद घ्यायला आला होता. खिडकीतल्या बाईंनी त्याला टोकन न विचारता आत बोलावलं, खुर्ची दिली. ते मी अजून विसरलेलो नाही.

सगळंच छान होतं असं सांगणार नाही. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर आम्हाला दोनदा पाठवलं, आणि एक वाजला तशी खिडकी खाडकन बंद झाली. भाच्याची तान्ही मुलगी तोवर रडून रडून झोपलीसुद्धा. म्हणजे सरकारी कचेरी ती सरकारी कचेरीच. पण ती साहेबलोकांची नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

घरात कुणाचा पासपोर्ट असेल तर मोठ्यांना विचारून जरा हातात घ्या. (चहाचा कप लांब ठेवून!) आतल्या बाजूला एक मजकूर छापलेला आहे. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने सगळ्या जगाला विनंती केली आहे, की या माणसाला विनाअडथळा जाऊ द्या आणि लागेल ती मदत व संरक्षण द्या. तुमचे बाबा सुतार असोत की शास्त्रज्ञ, मजकूर तोच. आणखी एक ओळ शोधा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, असं त्यात लिहिलेलं सापडेल. म्हणजे तो बाबांच्याही मालकीचा नाही, मग कंपनीच्या मालकाचा कुठून असणार? कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवायला आखातातल्या बहुतेक देशांत तिथल्या नियमांनीही मनाई आहे. तरी ठेवतात, ही गोष्ट वेगळी. आणि तिसरी सूचना अशी, की परदेशात राहणाऱ्यांनी जवळच्या वकिलातीत आपलं नाव नोंदवावं. ही सूचना फार थोडे लोक वाचतात. संकट आलं की मग आठवते.

तसं संकट १९९० मध्ये आलं होतं. तुमच्या आईबाबांना आठवत असेल. २ ऑगस्टला इराकने कुवेतवर हल्ला केला आणि तो देश गिळलाच. तिथे दीड लाखाहून अधिक भारतीय होते. बँका बंद, पैसे अडकलेले, आणि पुष्कळांचे पासपोर्ट मालकांच्या कपाटात. मालक तर देश सोडून गेलेले! त्या वेळचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, कुवेतलाही गेले. कुवेतमधल्या वकिलाती बंद करा असा इराकचा हुकूम निघाला, तेव्हा आपली वकिलात इराकमधल्या बसरा शहरात हलली. माणसं बसमध्ये बसून वाळवंट तुडवत बगदादमार्गे जॉर्डनची राजधानी अम्मान इथे पोहोचली. अम्मानहून मुंबई चार हजार किलोमीटरहून जास्त. एअर इंडियाने १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात ४८८ फेऱ्या करून १,११,७११ माणसं घरी आणली. विमानाने एवढी साधी माणसं हलवण्याचा तो विक्रम गिनेस बुकात नोंदला गेला.

या घटनेवर २०१६ साली ‘एअरलिफ्ट’ नावाचा चित्रपट आला. त्यात बरंचसं काम एकच नायक करतो. सिनेमात ते शोभतं. खरं म्हणजे त्यात कुवेतमधल्या भारतीयांनीच उभ्या केलेल्या समित्या होत्या, वैमानिक होते, आणि रात्रंदिवस याद्या करणारे वकिलातीतले कारकूनही होते. याद्या करणाऱ्यांवर कुणी चित्रपट काढत नाही!

आता, माझ्या रत्नागिरीच्या मैत्रिणी, तुझ्याशी बोलतो. बाकीच्यांनीही ऐकायला हरकत नाही.

पहिल्यांदा वकिलातीला काय करता येत नाही ते सांगतो, म्हणजे नंतर हिरमोड नको. वकिलात त्या मालकाला हुकूम सोडू शकत नाही. तो देश त्यांचा, कायदा त्यांचा. कुणाला तुरुंगातून सोडवून आणता येत नाही, दुसरी नोकरी लावून देता येत नाही. पण कंपनीला फोन करता येतो, पत्र पाठवता येतं, मालकाच्या माणसाला बोलावता येतं. तिथल्या कामगार खात्याकडे तक्रार कशी करायची ते सांगता येतं, भाषेची आणि वकिलाची मदत करता येते (इथे मात्र काळ्या कोटातला वकील!). पासपोर्ट परत मिळालाच नाही, तर घरी येण्यापुरता इमर्जन्सी सर्टिफिकेट नावाचा कागद देता येतो. एका प्रवासापुरता. अर्थात, देश सोडायला तिथल्या सरकारची परवानगी लागते ती लागतेच. आणि अगदीच अडकलेल्या माणसाच्या तिकिटासाठी वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी म्हणून पैसे ठेवलेले असतात.

फी विचारलीस ना? नव्या पासपोर्टला, सर्टिफिकेटला पैसे पडतात. तक्रार सांगायला काही पडत नाही. दुबई, रियाध, जेद्दा आणि क्वालालंपूर इथे तर प्रवासी भारतीय सहायता केंद्रं आहेत. मस्कत, कुवेत, दोहा इथल्या वकिलातींत ‘ओपन हाउस’ भरवतात, म्हणजे ठरलेल्या दिवशी कुणीही येऊन थेट अधिकाऱ्यांसमोर बसावं. बाबा आहेत त्या शहरातला दिवस फोन करून विचारता येईल.

बाबांना एक गोष्ट मात्र नक्की सांग. रागाच्या भरात काम सोडून निघून जायचं नाही. तसं केलं की मालक ‘कामगार पळाला’ अशी उलटी तक्रार करतो आणि मग बिचारा कामगारच गुन्हेगार ठरतो. सुट्टी असेल त्या दिवशी किंवा रीतसर रजा घेऊन जायचं, शक्यतो दोघातिघांनी मिळून. त्या कंपनीत पगार न मिळालेले तुझे बाबा एकटेच नसणार! करारपत्र असेल तर त्याची झेरॉक्स, ओळखपत्र, आणि पगार बँकेतून होत असेल तर बँकेचा कागद. अमिराती, कतार अशा देशांत पगार बँकेतूनच द्यायची पद्धत सरकारने लावली आहे, त्यामुळे कोणत्या महिन्यात पैसे आले नाहीत ते त्या कागदावर स्पष्ट दिसतं.

आणि समजा बाबांना जाताच आलं नाही, तर? तर आईला इथूनच तक्रार करता येते. परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ साली ‘मदद’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं आहे. तिथे तक्रार लिहिली की ती त्या देशातल्या आपल्या वकिलातीकडे जाते आणि तिला नंबर मिळतो. तुमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाईंना विचार, त्या मदत करतील. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात २०१७ पासून ‘विदेश भवन’ आहे. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी असलेला सरकारी अधिकारी, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, तिथेच बसतो. दहावी न झालेल्या माणसाला आखातासारख्या १८ देशांत कामाला जायचं असेल, तर आधी याच अधिकाऱ्याच्या खात्याची परवानगी लागते. बाबा कोणत्या एजंटामार्फत गेले, ती परवानगी घेतली होती का, हे आईला ठाऊक असेल. एजंटाची पावती सापडली तर जपून ठेवा, फाडू नका.

तक्रारीत लिहायला बाबांचा पासपोर्ट नंबर लागेल. पासपोर्ट मालकाकडे आहे, मग नंबर कुठून आणायचा? जायच्या आधी काढलेली झेरॉक्स घरात कुठेतरी असणार. ट्रंकेत बघ, देव्हाऱ्याखालच्या खणात बघ, रेशनकार्डाच्या पिशवीत बघ. आमच्याकडे तर असली कागदपत्रं तांदळाच्या डब्यामागे सापडतात! सापडला की नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिही. खाली कंपनीचं नाव, पत्ता, बाबा राहतात त्या कॅम्पचं नाव. येत्या शुक्रवारी फोन येईल तेव्हा हे सगळं विचारून घे, आणि नंबर एकदा बाबांनाही वाचून दाखव.

मग काय झालं ते मला कळव. पोस्टकार्ड चालेल.

तुमचा,
काका