घरगुती अक्षर, मशीनचा हात

मालवणहून तारकर्लीकडे निघा आणि रस्त्याकडेच्या पाट्या वाचत चला. 'अस्सल घरगुती जेवण', 'घरगुती निवास', 'घरगुती मसाले'... आणि एकामागून एक पाटीवर तेच सहज ब्रशने ओढल्यासारखं अक्षर. घरगुती म्हणे! फ्लेक्सवाल्याच्या फाँटच्या यादीतून निवडलेलं घरगुती.

मंडळी, ब्रशच्या फाँटशी माझं वैर नाही. रॉबर्ट स्मिथचा 'ब्रश स्क्रिप्ट' १९४२ साली आला, तेव्हापासून छापील मजकुरात पेंटरच्या हाताचा भास आणायचा हा धंदा चालू आहे. टी-शर्ट, मेनूकार्डाचं शीर्षक, लोणच्याचं लेबल, इथे तो छान दिसतो. दोन-तीन शब्द, मोठ्या आकारात, बस्स. पण त्याच फाँटात फोन नंबर आणि थाळीचे दर? आणि किनाऱ्यावर 'येथे पोहणे धोकादायक आहे' हे कोणी लाडात येऊन लिहीत नाही हो! तिथे ठळक, सरळ अक्षरच पाहिजे.

आता खरं दुखणं. 'मालवणी मसाला' ब्रशच्या फाँटात टाईप करून बघा. दोन म, दोन ल, आणि जोड्या हुबेहूब सारख्या. सुकलेल्या ब्रशचा ओरखडासुद्धा त्याच जागी! माणसाचा हात असं कधी करतो का? त्यात शिरोरेषा प्रत्येक अक्षराबरोबर तुकड्यातुकड्याने येते, म्हणजे खरबरीत कडा सांध्यावर उघड्या पडतात. ओपनटाइपमध्ये एका अक्षराची पर्यायी रूपं आलटूनपालटून वापरायची सोय आहे. पण जोडाक्षरांसकट शेकडो आकार काढून दमलेला माणूस हे जादा काम फुकट का करील?

कमल शेडगे (२०२० मध्ये गेले) नाटकाचं नाव असं काढायचे की अक्षरावरून नाटकाचा स्वभाव कळावा. एकाचं अक्षर दुसऱ्याला चाललं नसतं. आपल्याकडे मात्र खानावळ, स्कूबा आणि काजूचं दुकान, सगळ्यांचा स्वभाव एकच!

"फ्लेक्स स्वस्त पडतो, तासाभरात मिळतो." मान्य. पण ऊन-पावसात विटला की तो कचऱ्यातच जातो. पत्र्यावरचा रंग उडाला तर पेंटर येऊन पुन्हा हात मारतो. आणि फाँटच हवा असेल तर निदान श्रेय तरी द्या. हनीफ कुरेशी (निधन २०२४) यांनी 'हँडपेंटेडटाइप' प्रकल्पात रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं त्यांच्याच नावाने फाँटमध्ये आणली. आपण पेंटरचं काम काढून घेतो, त्याच्या हाताची नक्कल वापरतो आणि वर तिला 'अस्सल' म्हणतो.

थोडक्यात काय, गावाकडचा कोणी काका "तू कॉम्प्युटरवाला मरे, एक बोर्ड करून दी" म्हणाला (म्हणतातच! :-)), तर फाँटची फाईल पाठवू नका. त्याच गावातल्या पेंटरचा नंबर शोधून पाठवा.