कारखाना गेला, पण चिपमधलं गणित कुणाचं?

२ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत 'सेमिकॉन इंडिया'मध्ये 'विक्रम' ही ३२ बिटची चिप पंतप्रधानांच्या हाती देण्यात आली. लगेच आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो, झेंडे, टाळ्या सुरू झाल्या. त्यात पुण्याच्या काकांचा एकच मेसेज: "छान. पण महाराष्ट्राच्या वाट्याला काय?" २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला न येता गुजरातेत गेला, तेव्हापासून काकांचा हा प्रश्न ठरलेला आहे. (पुढे २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली, पण तो राग काही गेला नाही.)

काकांना उत्तर म्हणून मला चिपवरच्याच एका खटल्याची गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेत सुमारे सात वर्षं चाललेला हा खटला कारखान्यावरून नव्हता. तो गणितावरून होता.

संगणकाच्या हार्ड डिस्कवर आपला डेटा सूक्ष्म चुंबकीय ठिपक्यांच्या रूपात असतो. डिस्क फिरते, वाचणाऱ्या टोकाला लाटेसारखा एक सिग्नल मिळतो आणि त्यातून शून्य कुठलं, एक कुठला हे चिपला ओळखायचं असतं. ठिपके जितके दाटीवाटीने बसवावेत, तितका सिग्नल गढूळ होतो. पूर्वीच्या बऱ्याच पद्धती असं धरून चालायच्या, की हा गोंधळ सगळीकडे सारखाच असतो आणि त्याचा मूळ मजकुराशी संबंध नसतो.

आजोबांचं जुनं पोस्टकार्ड आठवा. शाईचा पेन, हलका कागद. जिथे पेन वळला, तिथे शाई जास्त फुटलेली आणि एका अक्षराचा डाग शेजारच्या अक्षरावर गेलेला. डाग म्हणजे नुसता अडथळा असं धरलं, तर आपण अंदाजाने वाचत राहतो. पण हा पेन वळणावरच गळतो, हे एकदा कळलं की डागच सांगतो इथे कुठलं अक्षर असणार. डिस्कवरही तसंच होतं. चुंबकाची दिशा जिथे बदलते, तिथे गोंधळ वाढतो आणि शेजारच्या जागांमधला गोंधळ एकमेकांत गुंतलेला असतो.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९०च्या दशकात अलेक्झांडर कावचिच हा पीएचडीचा विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक होजे मोरा यांनी हेच गणितात मांडलं. गोंधळ फक्त गाळून टाकायचा नाही. तो मजकुराप्रमाणे कसा बदलतो हे लक्षात घेऊन प्रत्येक शक्यतेचं वजन ठरवायचं, आणि मग सगळ्यांत संभाव्य मालिका निवडायची. त्यामुळे ओळखण्यातल्या चुका कमी होतात, म्हणजेच तेवढ्याच तबकडीवर जास्त डेटा बसवता येतो. २००१ आणि २००२ मध्ये विद्यापीठाला यावर दोन पेटंट मिळाली.

२००९ मध्ये विद्यापीठाने मार्व्हेल या चिप कंपनीवर दावा लावला. आमची पद्धत वेगळी आहे आणि ही पेटंट मुळात टिकणारीच नाहीत, असा कंपनीचा बचाव होता. पण कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत आणि सिम्युलेटरच्या नावातच 'कावचिच' हा शब्द सापडला! रोज कोड लिहिणारा माणूस म्हणून मला इथे घाम फुटतो. फाइलला दोन सेकंदांत दिलेलं नाव दहा वर्षांनी ज्युरीसमोर वाचलं जाऊ शकतं.

डिसेंबर २०१२ मध्ये ज्युरीने ११७ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. हिशेब साधा होता: सुमारे २३४ कोटी चिप, प्रत्येकी ५० सेंट. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने उल्लंघन मान्य केलं, पण ज्या चिप अमेरिकेत आल्याच नाहीत त्यांचा हिशेब पुन्हा तपासायला सांगितलं. अखेर २०१६ मध्ये ७५ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

काका, आता पुण्याकडे या. त्याच मार्व्हेलचं एक डिझाइन केंद्र आज पुण्यात आहे. जगातल्या चिप डिझाइन करणाऱ्या अभियंत्यांपैकी सुमारे २० टक्के भारतात आहेत, असं आपलं सरकारच सांगतं. म्हणजे हात आपल्याकडे आहेत. पण त्या कामाची मालकी बहुतेक वेळा बाहेरच्या मुख्यालयाकडे जाते. फॅब तळेगावात असती तरी हे बदललं नसतं.

अमेरिकेत १९८०च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला घेता येते आणि मिळकतीतला वाटा संशोधकाला द्यावा लागतो. आपल्याकडे २००८ मध्ये तसं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. त्यावर टीका झाली, त्यातले काही आक्षेप रास्तही होते, आणि पुढे ते मागे घेतलं गेलं.

आता केंद्राने संशोधनासाठी १ लाख कोटी रुपयांचा निधी जाहीर केला आहे. चांगली गोष्ट आहे. पण तो मुख्यतः खासगी उद्योगांसाठी, दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जासारख्या मार्गांनी दिला जाणार आहे, आणि तोही कल्पना प्राथमिक टप्पा ओलांडून पुढे गेल्यावर. कावचिचची कल्पना मात्र जन्मली ती एका विद्यार्थ्याच्या वहीत. त्या वहीसाठी आपण काय देतो? २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिना ३७ हजार रुपये आहे. महाराष्ट्रात तर बार्टी, सारथी, महाज्योतीच्या संशोधक विद्यार्थ्यांना हक्काच्या फेलोशिपसाठी रस्त्यावर उतरावं लागलं. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता.

पेटंट म्हणजे सगळं काही, असं माझं म्हणणं नाही. पेटंटच्या धाकाने छोट्या कंपन्यांचे हात बांधले जातात, हेही खरं. पण विद्यार्थ्याला वेळेवर पैसे मिळावेत आणि त्याच्या शोधात त्याचा वाटा आधीच लिहून ठेवलेला असावा, एवढं तर राज्य सरकारच्या हातात आहे. त्यासाठी ना जमीन संपादन लागतं, ना दुसऱ्या राज्याशी भांडण.

कावचिच मूळचे सर्बियाचे, म्हणजे आपल्यासारखेच घर सोडून आलेले. तडजोडीनंतर त्यांनी आपल्या देशात एक प्रतिष्ठान काढलं आणि तिथल्या शाळकरी मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळावीत म्हणून काम सुरू केलं.

ग्रुपवर मी काकांना एवढंच लिहिलं, "कारखान्याचं सोडा. आपल्या मुक्ताला पीएचडी करायची आहे आणि घरात सगळे तिला 'आधी नोकरी बघ' म्हणतायत. त्यात तुम्हीही आहात."

दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर अजून आलेलं नाही.