अदब म्हणजे गप्प बसणं नव्हे

१३ जानेवारी १९८२. वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत होता. एअर फ्लोरिडाचं बोइंग ७३७ विमान उडालं आणि अर्ध्या मिनिटात एका पुलावर आदळून गोठलेल्या पोटोमॅक नदीत कोसळलं. विमानातले ७४ आणि पुलावरच्या गाड्यांतले ४, असे ७८ जण गेले. विमानातले फक्त ५ जण वाचले.

अशा वेळी दोष हवामानाला देणं सोपं असतं. चौकशीतून मात्र वेगळंच समोर आलं. पंखांवरचा बर्फ काढल्यानंतर विमान पाऊण तासाहून जास्त वेळ खोळंबलं होतं आणि पंखांवर पुन्हा बर्फ साचला होता. इंजिनात बर्फ धरू नये म्हणून असलेली यंत्रणा बंदच होती. त्यामुळे इंजिनाचा जोर मोजणारी नळी गोठली आणि काटा चुकीचा आकडा दाखवू लागला. काट्यावर जोर पुरेसा दिसत होता, प्रत्यक्षात तो बराच कमी होता.

हे एकाला जाणवलं होतं. विमान धावपट्टीवर वेग घेत असताना सहवैमानिकाने, हे बरोबर दिसत नाही, असं पुन्हा पुन्हा म्हटलं. कॅप्टनने ते मानलं नाही. विमान थांबवायला तेव्हा वेळ होता. पण 'थांबवा' हा शब्द सहवैमानिकाच्याही तोंडून निघाला नाही.

हे अडखळणं आपल्या चांगलंच ओळखीचं आहे. सहलीच्या बसचे टायर झिजलेत हे शिपायाला दिसतं, पण बस मुख्याध्यापकांनी ठरवलेली असते. जमातीच्या बैठकीत हिशोब जुळत नाही हे तरुणाला कळतं, पण समोर वडिलांच्या वयाची माणसं बसलेली असतात. बोललाच तर म्हणतो, "मला आपलं वाटलं..." आणि खाली बसतो. पुढे काही विपरीत घडलं की आपण 'नसीब' म्हणून मोकळे होतो.

मी शिक्षक आहे. मुलांना अदब शिकवणं माझं काम आहे आणि ते मला मनापासून पटतं. पण अदब म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, असा अर्थ आपण मुलांच्या मनात रुजवला असेल तर ती तालीम अपुरी आहे. मुलं उद्धट होतील, ही भीती मला पटत नाही. आज वैमानिकांच्या प्रशिक्षणात या अपघाताचं उदाहरण देतात. धोका दिसला तर कनिष्ठाने स्पष्ट सांगायचं आणि वरिष्ठाने ऐकून तपासायचं, हे तिथे शिकवलं जातं. तरीही कॅप्टन कॅप्टनच राहतो, अंतिम निर्णय त्याचाच असतो.

म्हणून सुरुवात मोठ्यांनी करायला हवी. "सर, फळ्यावरचं उत्तर चुकलंय," असं म्हणणाऱ्या मुलाला आपण शाबासकी देतो की डोळे वटारतो, यावर तो पुढे कुठे बोलेल हे ठरतं.

त्या नदीत आर्लंड विल्यम्स नावाच्या प्रवाशाने हेलिकॉप्टरमधून सोडलेला दोर पुन्हा पुन्हा दुसऱ्यांना दिला आणि स्वतः बुडाला. आज त्या पुलाला त्याचं नाव आहे. त्याची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. सोबत सहवैमानिकाचीही सांगावी, आणि विचारावं: त्याच्या जागी तुम्ही असता, तर काय म्हणाला असता?