हरणासाठी कोणती गोळी? मणिबेलीच्या काठावरून एका जुन्या प्रश्नाकडे पाहताना

१/
लहान व्यासाच्या रायफलीने हरीण मारायचे तर गोळी कोणती निवडावी? वरकरणी हा शिकाऱ्याच्या तांत्रिक चर्चेचा विषय. परंतु गेल्या दीडशे वर्षांत शस्त्रकायदा, वनकायदा आणि युद्धाचे आंतरराष्ट्रीय संकेत या प्रश्नाला येऊन भिडले. या थ्रेडचे प्रतिपादन एवढेच : गोळीच्या निवडीत जनावराच्या वेदनेइतकाच महत्त्वाचा असतो तो निवड करण्याचा अधिकार.

२/
नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, नर्मदेच्या दक्षिण काठावर मणिबेली वसलेले होते. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातील सर्वप्रथम बुडालेले गाव म्हणून ते इतिहासात नोंदले गेले. बुडण्याआधी त्याला आणखी एक इतिहास होता : जंगलाच्या आधाराने जगणाऱ्या, तीरकामठा बाळगणाऱ्या भिल्ल समाजाचा.

३/
तीरकामठ्याच्या जगातही ‘कोणते टोक?’ हा प्रश्न होताच. पाखरांसाठी बोथट टोकाचा बाण, मोठ्या जनावरासाठी रुंद लोखंडी पात्याचा. ज्या जनावराला जशी जखम हवी, तसे टोक. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नव्हते. ते लोहाराच्या ऐरणीवर आणि बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या हातात होते.

४/
याच सातपुड्याच्या पूर्वेकडील निमाडात कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा इंग्रज अधिकारी होता. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे त्याचे पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी त्याने शिकारी रायफली आणि त्यांच्या गोळ्या यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्याचा कौल मोठ्या व्यासाच्या, वाटोळ्या शिशाच्या गोळीला : भरपूर दारू, नळीत मंद पीळ आणि जवळून बसणारा जबर तडाखा.

५/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गणित पालटले. मार्टिनी-हेन्री रायफलीची शिशाची गोळी सुमारे ३१ ग्रॅम वजनाची होती. तिच्या जागी आलेल्या .३०३ रायफलीची गोळी जेमतेम १४ ग्रॅमची, बारीक आणि धातूच्या कवचात बंद. वेग मात्र कितीतरी अधिक. गोळी सरळ आणि दूर जाऊ लागली. खांद्याला बसणारा धक्का कमी झाला.

६/
इथेच हरणाच्या शिकारीतील मूळ अडचण उभी राहिली. पूर्ण कवचाची बारीक गोळी मऊ मांसातून सुईसारखी आरपार निघून जाते. हाड किंवा हृदय चुकले तर चितळ दचकते, उधळते आणि दूर कुठेतरी झुडपात तासन्‌तास तडफडून मरते. नेम चुकलेला नसतो. गोळी चुकलेली असते.

७/
हीच तक्रार सैन्यातूनही आली. १८९५ च्या चित्राळ मोहिमेनंतर अधिकारी म्हणू लागले की, नवी गोळी शत्रूला भोसकते, पण थांबवत नाही. त्यावर कोलकात्याजवळच्या डमडम शस्त्रनिर्माणीत उपाय निघाला : गोळीच्या टोकावरचे कवच काढून आतले शिसे उघडे ठेवायचे. आघात होताच टोक फुलते आणि जखम रुंदावते. ‘डमडम’ हे नाव जगभर पसरले.

८/
कल्पना नवी नव्हती. ‘एक्स्प्रेस’ रायफलींच्या पोकळ टोकाच्या गोळ्या शिकारी आधीपासून वापरत होते. नवे होते ते लक्ष्य. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर युद्धबंदी आली, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डाघ यांनी विरोध केला. युक्तिवादाचा मथितार्थ असा : सुसंस्कृत सैनिक गोळी लागली की माघारी फिरतो, ‘रानटी’ माणूस फिरत नाही. ब्रिटनने ही बंदी पुढे १९०७ साली मान्य केली.

९/
विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. जी गोळी युद्धात अमानुष, तीच शिकारीत दयेची. कारण युद्धाचा संकेत सैनिकाला लढण्यास असमर्थ करण्यावर थांबतो. शिकारीची नीती मात्र जनावर तत्काळ मरावे असे सांगते. वसाहतीच्या युक्तिवादाने यांतला भेद पुसला आणि माणसालाच शिकारीच्या बाजूला ढकलले.

१०/
मग हरणासाठी योग्य गोळी कोणती? फुलणारी, पण फुटून विखुरणारी नव्हे. फार मऊ गोळी खांद्याच्या हाडावरच विस्कटते आणि उथळ जखम करते. फार कठीण गोळी आरपार जाते. तिने फुप्फुसापर्यंत पोहोचून तिथे रुंद व्हावे. शिवाय भेकर वीस-पंचवीस किलोचे, तर सांबर नर दोनशे किलोंच्याही वर. एकच गोळी दोघांना न्याय देत नाही.

११/
जेवढा व्यास लहान, तेवढी चुकीला जागा कमी. .२२ रिमफायरची सुमारे अडीच ग्रॅमची गोळी सशाला पुरेल. सांबराला ती केवळ यातना देईल. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीणविषयक कायद्याने म्हणूनच रायफलीसाठी किमान .२४० इंच व्यास ठरवला आणि गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच हवी, असे बंधन घातले.

१२/
आता दुसरी बाजू. १८७८ साली हिंदुस्थानात दोन कायदे झाले. शस्त्रकायद्याने ‘शस्त्र’ या व्याख्येत बंदुकीबरोबर धनुष्यबाणही घातले, आणि त्याखालील नियमांनी युरोपीयांना परवान्यातून सूट दिली. वनकायद्याने राखीव जंगलात नियमाबाहेरची शिकार, फास आणि सापळे गुन्हा ठरवले. साहेबाची शिकार ‘क्रीडा’ झाली. भिल्लाची शिकार चोरी.

१३/
तरीही साहेबाला भिल्ल हवाच होता. १८२५ मध्ये जेम्स ऊट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तेव्हा भिल्लांचा विश्वास मिळवण्यात शिकारीचा वाटा मोठा होता. हाका घालणारे, माग काढणारे हेच लोक. चुकीच्या गोळीने जखमी झालेल्या जनावराचा रक्ताचा माग काढण्याची जोखीम बहुधा गोळी झाडणाऱ्याच्या वाट्याला येत नसे.

१४/
सामान्य परवानाधारकाची निवडही जनावर पाहून झाली नाही. लष्करी काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने .४५० आणि .३०३ यांसारख्या व्यासांवर निर्बंध आले. म्हणून भारतातील नागरी रायफलीचा ओळखीचा व्यास .३१५ ठरला, सरकारी शस्त्रनिर्माणीत त्याच रायफली बनत राहिल्या. व्यास ठरवला तो सांबराने नव्हे, सरकारच्या धास्तीने.

१५/
यावरून तीरकामठ्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. बाणानेही जनावर तडफडते, आणि विरळ झालेल्या जंगलात शिकारीवरील बंदी योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार आवळली. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही संपवले. आज हरणासाठी गोळी निवडण्याचा प्रश्न भारतात कायदेशीर छंद म्हणून उरलेलाच नाही.

१६/
पण प्रश्न मेलेला नाही. याच कायद्याचे कलम ११ उभ्या पिकाला धोकादायक ठरलेले जनावर मारण्याची परवानगी ठरावीक परिस्थितीत देऊ शकते. रोही आणि रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त केले की ही मागणी पुन्हा उठते. चर्चा मात्र ‘मारावे की मारू नये’ इथेच अडते. कोणत्या गोळीने, किती अंतरावरून, कोणत्या प्रशिक्षणाने आणि जखमी जनावराचा माग कोण काढणार, हे कोणी विचारत नाही.

१७/
ते विचारले पाहिजे. परवानगी द्यायचीच असेल तर ती नुसत्या परवान्याच्या कागदावर न देता योग्य गोळी, योग्य अंतर आणि शेवटपर्यंत माग काढण्याची सक्ती यांसह द्यावी. आणि तो नियम ठरवताना जंगल जाणणाऱ्या माणसाला हाक्यापुरते न बोलावता निर्णयाला बसवावे.

१८/
मणिबेलीचे जुने घरदार आज पाण्याखाली आहे. धरण ठरले तेव्हा तिथल्या माणसांना विचारले गेले नाही. त्याच्या शंभर वर्षे आधी, जंगल आणि शस्त्र कोणाचे हे ठरले तेव्हाही नाही. गोळीचा इतिहास वाचताना हा क्रम ध्यानात ठेवावा. जनावराला यातनारहित मरण देणे ही सभ्यतेची कसोटी असेल, तर ज्याच्या जंगलाचा निर्णय होतो त्याला विचारणे ही तिची पहिली पायरी आहे.